उबाळे सरांचं गेट

उबाळे सर केळ्याला मीठ लावून खायचे. तिसगावच्या आमच्या कॉलेजात मी मराठी शिकवायला रुजू झाले, त्या दिवशी स्टाफरूममध्ये सगळ्यात आधी मला दिसलं ते हेच. कोपऱ्यातल्या खुर्चीवर एक उंच, काटकुळा माणूस बसला होता. एका हातात सोललेलं केळं, दुसऱ्या हातात मिठाची कागदी पुडी. प्रत्येक घासाआधी चिमूटभर मीठ टाकायचे आणि डोळे मिटून सावकाश चावायचे. मी बघतेय हे लक्षात आल्यावर त्यांनी पुडी माझ्यापुढे केली.

"घ्या मॅडम. केळं म्हणजे पोटॅशियम, मीठ म्हणजे सोडियम. या दोघांनी ये-जा थांबवली तर तुमच्या सगळ्या कविता बंद."

मी घेतलं नाही. पण पुढच्या आठवड्याभरात त्या ये-जा प्रकरणाची मला सक्तीने माहिती झाली. सर जीवशास्त्र शिकवायचे. अभ्यासक्रमात बेडूक, झुरळ, माणूस असं सगळं होतं, पण सरांचा जीव एकाच गोष्टीत अडकलेला. मेंदूतल्या पेशीच्या पातळ पडद्याला बारीक बारीक दारं असतात. त्यांतून सोडियम, पोटॅशियम, कॅल्शियम आत-बाहेर करतात, त्यातून वीज होते, लाखो पेशींची वीज मिळून ताल धरते, आणि त्या तालावर आपल्या आठवणी लिहिल्या जातात. पुस्तकात त्या दारांना आयन चॅनेल म्हणतात. सरही आधी तसंच म्हणायचे. पण त्याच सुमाराला गावात केबल आली आणि एका पोराने परीक्षेत लिहिलं, 'मेंदूत अनेक चॅनेल असतात, त्यांपैकी काही सतत चालू असतात व काही मध्येच बंद पडतात.' सरांनी त्याला पूर्ण गुण दिले, कारण वाक्यात चूक एकही नव्हती, आणि तेव्हापासून चॅनेल शब्द सोडून ते 'गेट' म्हणायला लागले.

ती त्यांची नमस्काराची पद्धतच झाली. किराणा दुकानदार, एस.टी.चा कंडक्टर, आठवडे बाजारातल्या भाजीवाल्या, सगळ्यांना एकच प्रश्न.

"काय, गेट उघडं का?"

"उघडं हाय सर," असं उत्तर यायचं. काय उघडं हे कुणी विचारत नसे.

स्मृतीवर एवढं बोलणारा हा माणूस स्वतः मात्र कमालीचा विसराळू. लुनावर बाजारात यायचे आणि चालत घरी जायचे. लोकांना सवय झाली होती. कुणीतरी लुना ढकलत त्यांच्या घरी नेऊन लावायचं. एकदा ते बाजारातून लुना घेऊन घरी आले, हे विशेष म्हणून मला सांगायलाही आले. संध्याकाळी वायरमन त्यांच्या दारात उभा. ती लुना त्याची होती. सरांची किल्ली तिला लागली होती एवढंच. वायरमन चहा पिऊन आपली लुना घेऊन गेला. सरांची बाजारातच उभी होती.

सर वडिलांबरोबर राहायचे. वडिलांना सगळे आण्णा म्हणत. साखर कारखान्यातून निवृत्त झालेले, ताठ, कमी बोलणारे गृहस्थ. त्यांच्या बैठकीच्या खोलीत बुद्धाची तसबीर होती आणि तिच्याखाली सरांनी प्लास्टरचा केलेला मेंदू ठेवलेला असायचा. येणारे-जाणारे दोघांनाही हात जोडायचे. आण्णा कुणालाच काही सांगत नसत.

या आण्णांनी सरांचा पहिला मोठा प्रयोग हाणून पाडला. मेंदूला शिकायचं असतं तेव्हा त्याच्यात ठरावीक ताल चालतो, असं सरांनी वाचलं होतं. मग बाहेरून तोच ताल दिला तर पोरांना पाठ लवकर होईल असं त्यांनी ठरवलं. त्यासाठी गावातल्या हलगीवाल्याशी बोलून आले. एक जण हलगी वाजवणार, पोरं तालावर पचनसंस्था म्हणणार. ही बातमी आण्णांपर्यंत पोचली तेव्हा योगायोगाने मी त्यांच्याकडे बसले होते. आण्णांनी हातातलं वर्तमानपत्र घडी करून ठेवलं.

"धर्मांतर केलं त्या साली तुझ्या आज्यानं गावकीची हलगी इहिरीत टाकली," ते म्हणाले. "मला लई आवडायची ती. तरी मी बघत उभा ऱ्हायलो. आन तू ती कॉलेजात नेतो?"

"आण्णा, हा मेंदूतल्या तालाचा प्रश्न आहे."

"डोक्यात ताल हाय म्हंतोस ना? मंग डोक्यातच वाजू दे."

वडिलांपुढे सर कधीच फार वाद घालत नसत. दुसऱ्या दिवशी हलगीच्या ऐवजी वनस्पती तुपाचा रिकामा डबा वर्गात आला. भिंतीपलीकडे माझा तास चालू होता. मी विरहाची कविता शिकवत होते आणि पलीकडून डब्याच्या ठेक्यावर 'जठर, लहान आतडं, मोठं आतडं' असं सामुदायिक गायन चालू होतं. माझ्या वर्गातली पोरं विरहात पायांनी ठेका धरत होती. प्रयोग यशस्वी झाला की नाही सांगणं अवघड आहे. परीक्षेच्या दिवशी पचनसंस्थेचा प्रश्न आला आणि सबंध हॉलमधली बाकं एकदम वाजायला लागली. बाहेरगावाहून आलेले पर्यवेक्षक घाबरून दाराबाहेर गेले. पोरांना ताल पक्का आठवत होता. जठराच्या पुढचं नाव बऱ्याच जणांना आठवलं नाही.

आमचे प्राचार्य दरंदले सर हे भव्य गृहस्थ होते. उंची बेताची, पण रुंदी दाराएवढी, आणि पांढरा सफारी. त्यांना शिस्त प्रिय होती. त्यांची आणि उबाळे सरांची गाठ प्रयोगशाळेच्या दारात पडली, ती अशी.

आठवण तयार होते तिथल्या पेशीला एक खास गेट असतं. त्याच्या तोंडातच मॅग्नेशियमचा कण बूच मारल्यासारखा बसलेला असतो. बाहेरून नुसता निरोप येऊन भागत नाही. त्याच वेळी पेशी आतूनही जागी झालेली लागते. दोन्ही एकदम जमलं तरच मॅग्नेशियम बाजूला होतं, कॅल्शियम आत घुसतं आणि आठवण पक्की होते. हे समजावण्यासाठी सरांनी निम्मा वर्ग कॅल्शियम म्हणून व्हरांड्यात उभा केला होता आणि निम्मा आत ठेवला होता. दाराची एक फळी कायमची अडकलेली होती, त्यामुळे वाट अरुंद. मॅग्नेशियम म्हणून एका लुकड्या पोराला उभं केलं होतं, पण कॅल्शियम त्याच्या काखेतून आत जात होतं. तेवढ्यात गोंगाट कसला म्हणून प्राचार्य आले. पोरगं पळालं आणि त्याच्या जागी प्राचार्य दारात उभे राहिले. दार पूर्ण बंद झालं.

"सर, हलू नका," उबाळे सर आतून म्हणाले. "तुम्ही अगदी बरोबर जागी आहात."

"काय चाललंय काय इथं?"

"तुम्ही मॅग्नेशियम आहात."

आवाज ऐकून मी व्हरांड्यात आले होते, म्हणून पुढचं मी पाहिलं. सरांनी बाहेरच्या पोरांना एक पाऊल पुढे यायला सांगितलं. पोरं आली आणि थांबली. "बघा," सर म्हणाले, "निरोप आला, पण गेट बंदच. कारण आतून कुणी जागं नाही." मग त्यांनी आतल्या वर्गाला टाळ्या वाजवायला लावल्या. टाळ्यांचा कडकडाट झाला. आपल्यालाच टाळ्या पडताहेत असं वाटून की काय, प्राचार्य नकळत जरा तिरके झाले आणि सगळं कॅल्शियम त्यांच्यासकट आत गेलं. चष्मा वाचला. सफारीचं एक बटण मात्र पुन्हा सापडलं नाही.

दुसऱ्या दिवशी मेमो निघाला. 'आपण प्राचार्यांना वर्गासमक्ष खनिज संबोधल्याबद्दल लेखी खुलासा करावा.' सरांनी खुलासा केला, 'मॅग्नेशियम हे खनिज नसून मूलद्रव्य आहे.' त्यांना खरोखर वाटलं की प्राचार्यांचा गैरसमज दूर झाला. इकडे शिपायापासून चहावाल्यापर्यंत सगळे प्राचार्यांना मॅग्नेशियम म्हणायला लागले, आणि उबाळे सरांची नोकरी जाते की काय अशी कुजबुज सुरू झाली.

आम्ही सगळ्यांनी मिळून सरांना माफी मागायला पाठवायचं ठरवलं. प्राचार्यांच्या पत्नीचा, म्हणजे काकूंचा, माझ्यावर लोभ होता, म्हणून सोबत मी. प्राचार्यांच्या घरी नवी सून आली होती. मनीषा, नेवाशाची, बारावीपर्यंत शिकलेली. मुलगा कारखान्यात नोकरीला, सुट्टीला घरी यायचा. आम्ही बसलो. सरांनी पाठ केलेली माफी म्हणायला सुरुवात केली आणि मनीषा चहा घेऊन आली.

ती प्राचार्यांच्या कपावर किटली धरून चहा ओतत होती आणि मध्येच थांबली. म्हणजे हात थांबला नाही, ती थांबली. डोळे समोर लागलेले, पापण्या बारीक थरथरत होत्या. कप भरला, बशी भरली, चहा टेबलावरून प्राचार्यांच्या मांडीवर आला. प्राचार्य ओरडून उठले. काकू आतून धावत आल्या. मी तिच्या हातातून किटली घेतली. उबाळे सर मात्र वाकून मनीषाच्या पापण्यांकडे बघत होते आणि बोटाने टेबलावर ठेका धरत होते. काही सेकंदांत ती भानावर आली, रिकाम्या हाताकडे बघितलं आणि अगदी सहज विचारलं, "साखर किती घालू?"

"वा," सर म्हणाले. "पापणी सेकंदाला तीनदा. अगदी पुस्तकात दिल्यासारखं."

आणि त्यांनी पुढे सुरू केलं. सूनबाईंच्या मेंदूत मध्यभागी कॅल्शियमची गेटं असतात, ती चुकीच्या वेळी उघडताहेत, सगळा मेंदू एकच ताल धरतोय, तेवढ्या वेळात बाहेरचं काही आत जात नाही, हा फिटचाच एक प्रकार, याला इलाज आहे, नगरला दाखवा. सगळं खरं होतं. पण ते इतक्या आनंदाने सांगत होते की लॉटरी लागल्याची बातमी वाटावी.

प्राचार्य ओल्या सफारीत उभे होते.

"आधी मला मॅग्नेशियम केलंत," ते म्हणाले. "आता माझ्या सुनेला कॅल्शियम करताय. चालते व्हा."

बाहेर आल्यावर सर लुनाला किल्ली लावता लावता थांबले. "माफी मागायची राहिली का हो?" त्यांनी मला विचारलं.

महिना गेला असेल. प्राचार्यांच्या घराच्या गच्चीवरून धूर यायला लागला. काकूंना सहज विचारलं तर त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं.

"काय सांगू मॅडम. पोरगी चुलीपाशी बसली की धरतंय तिला. गॅसपाशी क्वचित, पन भाकरीला चुलीपुढं बसली की हमखास. हात तसाच ऱ्हातो, हाक मारली तर व्हय न्हाई, काय न्हाई. देवरुशी म्हनला, चुलीच्या जागेत दोष हाय. आमी चूल परसात नेली. मंग म्हनला, परसात जास्तच हाय. गोठ्यात नेली. गुरं धुरानं आरडाया लागली. आता गच्चीवर मांडली. तिथंबी धरतंय."

"आणि प्राचार्य सर काय म्हणतात?"

"त्यांना पटत न्हाई. पन करनार काय? ल्योक म्हनतो, लग्नात फसवलं, नेवाशाला पाठवून द्या. ह्या अमावास्येनंतर धाडायचं ठरलंय."

मी गच्चीवर गेले. चुलीपुढे मनीषा पीठ मळत होती. एवढ्या मोठ्या गच्चीवर एक चूल, एक परात आणि ती. मी शेजारी बसले. ती बोलायला मोकळी होती, कुणी विचारत नव्हतं एवढंच.

"मला कळतच नाही मॅडम, काय होतं ते," ती म्हणाली. "मला काहीच होत नाही. फक्त लोक मधले शब्द गाळून बोलतात. आई म्हणतात, 'मनीषा, दूध,' आणि लगेच रागावलेल्या असतात. मधलं सांगतच नाहीत. शाळेतही बाई असंच श्रुतलेखन घालायच्या. मी मधे जागा सोडून लिहायचे. वाटायचं, सगळ्यांनाच असं ऐकू येतं."

मी तिथून थेट उबाळे सरांच्या घरी गेले आणि चुलीच्या स्थलांतराची सगळी कथा सांगितली. सर केळं सोलत होते. ते तसंच खाली ठेवून उभे राहिले.

"चूल नाही हो मॅडम. फुंकणी. ती फुंकणी फुंकते ना? जोराजोरात श्वास टाकला की रक्तातला कार्बन डायऑक्साइड कमी होतो आणि ज्याची गेटं आधीच नाजूक आहेत त्याचा ताल बिघडतो. डॉक्टर मुद्दाम तसा श्वास घ्यायला लावून तपासतात. आणि यांनी चूल गच्चीवर नेली. वाऱ्यावर. म्हणजे तिला दुप्पट फुंकावं लागत असणार."

आण्णा आतून ऐकत होते. ते बाहेर येऊन म्हणाले, "मंग जाऊन सांग की त्यान्ला."

"ते मला दारात उभं करणार नाहीत आण्णा."

"त्यांनी तुला मेमो दिलाय, पोरीनं न्हाई."

सरांनी रात्रभर काय विचार केला माहीत नाही. दुसऱ्या दिवशी ते बाजारातून फुंकण्यांचा भारा घेऊनच स्टाफरूममध्ये आले. प्रत्येकाच्या हातात एकेक दिली आणि म्हणाले, "जोरात फुंका. थांबू नका. मी सांगेपर्यंत."

आम्ही का ऐकलं, मला आजही सांगता येत नाही. इतिहासाचे, अर्थशास्त्राचे, भूगोलाचे असे सगळे प्राध्यापक गोल बसून फुंकण्या फुंकू लागले. समोर चूल नव्हती. फू फू आवाज व्हरांड्याच्या टोकापर्यंत गेला आणि व्हायचं तेच झालं. प्राचार्य दारात आले.

मला वाटलं, आता सगळ्यांनाच मेमो. सरांनी शांतपणे एक फुंकणी पुढे केली.

"सर, एक तुमच्यासाठी आणलीय. सूनबाई रोज करतात तेवढंच करायचं."

प्राचार्यांचा चेहरा बरेच दिवस झोप न झालेल्या माणसाचा होता. ते काही तरी बोलतील म्हणून आम्ही फुंकायचं थांबलो. पण त्यांनी फुंकणी घेतली, खुर्चीवर बसले आणि फुंकायला लागले. सर घड्याळाकडे बघत होते. प्राचार्यांचे गाल फुगत होते, कपाळावर घाम आला, मग त्यांनी फुंकणी खाली केली आणि टेबल घट्ट धरलं.

"बोटांना मुंग्या आल्या," ते हळू आवाजात म्हणाले. "ओठांनाही. खोली फिरतेय."

"तुमच्या अंगात काही शिरलं का सर?"

"नाही."

"मग तिच्याच अंगात कसं शिरेल?"

प्राचार्यांनी फुंकणी टेबलावर ठेवली. "मला कळतं हो," ते म्हणाले. "एम.ए. आहे मी. पण घरात मी एकटा पडलो. पोरगी चांगली आहे. तिला परत पाठवायचं माझ्या तोंडून निघत नाही, आणि नाही म्हणायलाही आधार सापडत नाही."

"आधार नगरला आहे," उबाळे सर म्हणाले. "गाडी सांगू का?"

अमावास्येच्या आधी आम्ही जीपने नगरला गेलो. प्राचार्य, काकू, मनीषा, सर आणि मी. डॉक्टरांनी मनीषाच्या केसांत चिकट मलम लावून ठिकठिकाणी तारा जोडल्या. कालच न्हायली होती म्हणून काकू हळहळल्या. यंत्रातून कागद सरकायला लागला आणि त्यावर ओळीने लावलेल्या पेना बारीक, वेड्यावाकड्या रेघा काढू लागल्या. मग डॉक्टरांनी तिला जोरात श्वास घ्यायला सांगितलं. ती घेत राहिली. एकदम सगळ्या पेना एकत्र उठल्या आणि एकत्र पडल्या. पुन्हा उठल्या, पुन्हा पडल्या. मनीषाचे डोळे समोर लागले होते.

"आगं बया," काकू म्हणाल्या, "ही तर लेझीम चाललीय."

"हां काकू," सर कुजबुजले. "लेझीम बाहेर चांगली. डोक्यात नको. डोक्यात आठवडे बाजार पाहिजे. ज्याचा त्याचा आवाज, ज्याचा त्याचा सौदा. सगळ्यांनी मिळून एकच आरोळी धरली की तेवढ्या वेळात कुणाचाच माल विकला जात नाही. म्हणून तिच्या लक्षात राहत नाही. तिचा दोष नाही, चुलीचाही नाही."

काकू पेनांकडे बघत राहिल्या. पेना जशा एकदम सुरू झाल्या तशा एकदम थांबून पुन्हा वेड्यावाकड्या चालू लागल्या. मनीषाने डॉक्टरांना विचारलं, "सुरू करायचं का?" काकूंनी तिचा हात हातात घेतला आणि जीपमध्ये बसेपर्यंत सोडला नाही.

सर मात्र तिथेच अडून बसले. त्यांना स्वतःचाही मेंदू कागदावर बघायचा होता. डॉक्टर म्हणाले, "तुम्हाला काय होतंय?" सर म्हणाले, "काही होत नाही, म्हणूनच. तुलनेला लागेल." शेवटी वैतागून डॉक्टरांनी तारा जोडल्या. पाठ टेकताच सरांना झोप लागली. ते घोरत होते आणि पेना संथ, लांब लाटा काढत होत्या. उठवल्यावर सरांनी उत्सुकतेने विचारलं, काय दिसलं? डॉक्टर म्हणाले, "तुम्ही दमलाय. घरी जा."

गोळ्या सुरू झाल्या. सगळं सरळ झालं असं नाही. पहिल्या गोळीने मनीषा दिवसभर पेंगायची, केस गळायला लागले, डॉक्टरांनी मात्रा बदलली. उपास घडला किंवा जागरण झालं की एखाद वेळी हात थांबायचा. पण चहा मांडीवर यायचं बंद झालं. नवरा आधी बिचकत होता, मग नगरच्या फेऱ्यांना तोच घेऊन जाऊ लागला. चूल गच्चीवरच राहिली, कारण काकूंना तिथला वारा आवडायला लागला होता. फुंकायचं काम त्यांनी स्वतःकडे घेतलं.

पुढच्या जूनमध्ये मनीषाने आमच्याच कॉलेजात प्रवेश घेतला. माझ्या तासाला पहिल्या बाकावर बसायची. काही दिवसांनी तास संपल्यावर ती थांबली.

"मॅडम, रागावू नका, पण लोक फार बोलतात हो," ती म्हणाली. "मला माहीतच नव्हतं, मधे एवढं सगळं असतं."

ही गोष्ट मी उबाळे सरांना सांगितली. ते केळ्यावर मीठ टाकत होते. चिमूट तशीच हवेत राहिली. क्षणभर मला भीती वाटली. पण त्यांना नुसतं रडू येत होतं.

प्राचार्यांनी आभार मानले नाहीत. मेमोही मागे घेतला नाही. फक्त नव्या वेळापत्रकात दुपारी जेवणानंतरचा, सगळा वर्ग झोपतो तो तास, सरांकडून काढून माझ्याकडे दिला.

नव्वदचं दशक संपता संपता मला संगमनेरला नोकरी मिळाली. तिसगाव सोडायच्या आधी काही कामाने नगरला गेले होते. परतीच्या पाथर्डी गाडीत उबाळे सर भेटले. खिडकीशी बसले होते. त्यांच्या शेजारी मोठ्या फेट्याचा एक म्हातारा मेंढपाळ, नगरच्या बाजारात मेंढरं विकून आलेला. करंजीचा घाट चढायच्या आतच म्हातारा झोपला आणि त्याचं डोकं फेट्यासकट सरांच्या खांद्यावर आलं. सरांच्या गालात फेटा रुतत होता. ते हलले नाहीत.

तिसगाव आलं. मी पिशव्या घेऊन उठले. "सर, चला."

त्यांनी ओठांवर बोट ठेवलं. "तुम्ही उतरा मॅडम," ते अगदी हळू म्हणाले. "आत्ता खोल झोप लागलीय. दिवसभराचं सगळं आत्ता लिहिलं जातंय. मेंढरं, गिऱ्हाईक, भाव. आत्ता उठवलं तर त्यांचा आजचा दिवस अर्धाच राहील."

"पण तुमचं गाव आलं."

"ते उद्याही इथंच असणार."

कंडक्टरने घंटी मारली. मी खाली उतरले. संध्याकाळचं ऊन गाडीच्या त्या बाजूवर पडलं होतं. खिडकीत म्हाताऱ्याचा फेटा आणि त्याच्याखाली दबलेले उबाळे सर, मान वाकडी, पाठ ताठ, श्वाससुद्धा बेताने घेत असलेले. गाडी पाथर्डीच्या दिशेने निघाली. पुढे खड्डा होता. सरांनी दुसऱ्या हाताने म्हाताऱ्याचं डोकं अलगद धरलं, आणि गाडी आदळून पुढे गेली.